२१४७४८३६४७ या मूळ संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आम्ही रविवारी गणिताचा वर्ग चालवतो. तिथे एकच संख्या पुन्हापुन्हा चर्चेला येते. कधी मुलं विचारतात, कधी पालक, कधी कॉम्प्युटरवर काम करणारे माजी विद्यार्थी. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ^ ही खूण घातासाठी वापरली आहे: २^५ म्हणजे पाच वेळा दोन घेऊन केलेला गुणाकार, ३२.

आमच्या सोसायटीच्या यादीत सगळ्या सभासदांचा फोन नंबर २१४७४८३६४७ असाच छापून आलाय. हा कुणाचा नंबर?

कुणाचाच नाही. खानापूर तालुक्यातल्या एका पालकांनी अशी यादी दाखवली होती. नावं वेगळी, गावं वेगळी, खातेक्रमांक वेगळे, आणि फोनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत हीच संख्या. त्यांना वाटलं टायपिस्टनं आळस केला. बिचाऱ्यानं सगळे नंबर नीट भरले होते.

झालं असं की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं फोनचा रकाना 'पूर्णांक' म्हणून ठेवला. असा पूर्णांक साधारणपणे ३२ बिटांत साठवतात (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा). त्यातला एक बिट धन की ऋण हे सांगण्यात जातो, उरतात ३१. त्या एकतीसही जागी १ भरला की जी सर्वात मोठी संख्या होते ती २^३१ − १, म्हणजेच २१४७४८३६४७. आपले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे यातला कुठलाही नंबर त्या जागेत मावत नाही. मोठी संख्या आली तर ती नाकारायची सोडून काही डेटाबेस आपल्याला मावेल तेवढी कमाल संख्या भरून मोकळे होतात.

लँडलाइनची गंमत आणखी पुढे आहे. सुरुवातीचं शून्य गळून पडतं, त्यामुळे बेळगावचा नंबर ८३१ पासून सुरू होतो, कोल्हापूरचा २३१ पासून आणि मुंबईचा २२ पासून. हे सगळे हद्दीबाहेर. पुण्याचा मात्र २० पासून सुरू होतो, म्हणजे दोन अब्ज दहा कोटींच्या आतच राहतो. त्या यादीत पुण्याला स्थायिक झालेल्या कुणाचा लँडलाइन असेल तर तो बरोबर छापला जाईल आणि शेजारच्या ओळीतला मुंबईचा बिघडेल!

उपाय सोपा आहे. फोन नंबरची कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही, तेव्हा तो संख्या म्हणून न साठवता मजकूर म्हणून साठवावा. जुने नंबर मात्र परत मिळत नाहीत, सभासदांना पुन्हा विचारावेच लागतात.

ही संख्या वाचायची कशी?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आमच्याकडची मुलं बसच्या पाटीवरचे कन्नड अंकही सहज वाचतात, म्हणून फळ्यावर ती आम्ही तिन्ही प्रकारच्या अंकांत लिहितो. द्विमान पद्धतीत तिचं रूप सर्वात देखणं दिसतं: ओळीनं एकतीस एक, दुसरं काही नाही.

घातात ३१ च का? दुसरा कुठलाही घात घेतला तर चालेल?

घात संयुक्त असेल तर नक्कीच चालत नाही. घात ६ घ्या. ६ = २ × ३, म्हणून २^६ − १ ला २^२ − १ नेही भाग जातो आणि २^३ − १ नेही. करून बघा: ६३ ला ३ ने भाग जातो, ७ नेही जातो. म्हणजे घात मूळ हवाच.

पण घात मूळ असला म्हणजे काम झालं असंही नाही, आणि इथेच मोठमोठी माणसं फसली आहेत. घात २, ३, ५, ७ घेतले की ३, ७, ३१, १२७ मिळतात. चारही मूळ. मग ११ घ्यावा तर २०४७ येतात, आणि ते निघतात २३ × ८९. इटलीच्या कातालदी या गणितज्ञानं १५८८ मध्ये १७ आणि १९ हे घात चालतात हे खरोखर भागाकार करून दाखवलं. पुढे त्यानं २३, २९, ३१ आणि ३७ हे घातही चालतात असं म्हटलं. त्यातला फक्त ३१ खरा ठरला. २३ आणि ३७ फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० मध्ये खोडून काढले (२^२३ − १ ला ४७ ने भाग जातो), २९ ऑयलर या स्विस गणितज्ञानं खोडला. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकीचे होते, शिवाय ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. तरीही या जातीच्या संख्यांना आज त्याचंच नाव आहे: मेर्सेन मूळ संख्या. २१४७४८३६४७ ही त्यातली आठवी.

ती मूळ आहे हे कशावरून? कॉम्प्युटर सांगतो म्हणून मानायचं का?

मुळीच नाही. हे सिद्ध झालं तेव्हा वीजही नव्हती. या पानावरचं सर्वात महत्त्वाचं उत्तर आम्ही हेच समजतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

शाळेत शिकवतात ती रीत अशी: संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा, एकानंही नि:शेष भाग गेला नाही तर संख्या मूळ. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित वर आहे. तिथपर्यंत मूळ संख्या सुमारे ४,८०० आहेत. दहा अंकी संख्येला ४,८०० वेळा भागायचं म्हणजे माणूस महिनाभर वहीत मान घालून बसेल, आणि मधे एखादी बाकी चुकली तर सगळं पाण्यात.

लिओनहार्ड ऑयलरनं आधी विचार केला की भाग जाऊ शकेल अशा संख्या मुळात असतील तरी कशा. समजा भ या मूळ संख्येनं २^३१ − १ ला भाग जातो. म्हणजे २^३१ ला भ ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार २ चा (भ − १) वा घात घेऊन भ ने भागला तरी बाकी १ च उरते. आता २ चे घात चढत्या क्रमानं घेतले तर बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, त्या घातानं ३१ लाही भाग जायला हवा आणि (भ − १) लाही. ३१ मूळ आहे, म्हणजे तो घात ३१ च. म्हणून (भ − १) ला ३१ ने भाग जातो. भ विषम आहे, त्यामुळे (भ − १) सम. दोन्ही मिळून भ हा ६२ च्या पाढ्यातल्या संख्येपेक्षा एकनं जास्त असलाच पाहिजे.

इथेच उमेदवार कितीतरी घटले. ऑयलर तिथेही थांबला नाही. २^३१ ला भ ने भागून बाकी १, म्हणजे २^३२ ला भागून बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे एका पूर्ण वर्गाला भ ने भागून २ उरतात. हे फक्त अशाच विषम मूळ संख्यांना जमतं, ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. ७ घ्या: ३ चा वर्ग ९, बाकी २, जमलं. १७ घ्या: ६ चा वर्ग ३६, बाकी २, जमलं. ५ ला मात्र वर्गांच्या बाक्या ०, १ आणि ४ एवढ्याच मिळतात, २ कधीच नाही. (याची पूर्ण सिद्धता कॉलेजात भेटते, पण पडताळा आठवीतला मुलगाही घेऊ शकतो.)

दोन्ही अटी एकत्र केल्या की भ ची दोनच रूपं उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवून येणारी किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारी. ४६,३४० पर्यंत अशा संख्या पावणेचारशेच्या आत आहेत आणि त्यातल्या खरोखर मूळ असलेल्या ऐंशीच्या आसपास. ४,८०० भागाकारांचं काम ऐंशीवर आलं. पहिली उमेदवार ३११. भागून बघा: ३११ × ६९०५०९२ केल्यावर ३५ उरतात. पुढची १३०३, बाकी २२६. तिच्या पुढची १४८९, बाकी १९९. असं शेवटपर्यंत गेलं तरी कुठेही शून्य येत नाही. ऑयलरनं हा निकाल योहान बर्नुली (तिसरा) या गणितज्ञाला पत्रानं कळवला, तो १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

आम्हाला या सिद्धतेचं अप्रूप वाटतं ते एवढ्यासाठी की तिच्यात शाळकरी मुलाच्या आवाक्याबाहेरचं फार थोडं आहे. वीस मुलं बसवली आणि प्रत्येकाला चार-पाच भागाकार वाटून दिले तर एका दुपारी आख्खा निकाल हाती येतो, आणि तोही मराठीत, आपल्या अक्षरात.

याहून झटपट रीत आहे का?

आहे. ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं १८७० च्या दशकात तिचा पाया घातला आणि लेमर या अमेरिकन गणितज्ञानं १९३० च्या दशकात तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा वजा २, पुन्हा बाकी. घातापेक्षा दोननं कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त.

१२७ वर, म्हणजे २^७ − १ वर, बघू. पाच पायऱ्या: ४, मग १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४२, मग १११, मग ०. झाली मूळ. २०४७ वर केलं तर नवव्या पायरीला १७३६ उरतात, म्हणजे संयुक्त. अवयव २३ आणि ८९ आहेत हे मात्र ही रीत सांगत नाही, नुसतं 'फुटते' एवढंच सांगते.

२१४७४८३६४७ साठी २९ पायऱ्या आहेत. पहिल्या काही अशा: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, ६६९६७०८३८. अठ्ठाविसाव्या पायरीला येतात ६५५३६, म्हणजे बरोबर २^१६. त्यांचा वर्ग २^३२, वजा २ केले की उरते ती नेमकी आपल्या संख्येची दुप्पट. बाकी शून्य. इतका नीटस शेवट फळ्यावर उतरतो तेव्हा वर्गातली मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात.

तिच्या आजूबाजूला कोणत्या मूळ संख्या आहेत?

आधीची २१४७४८३६२९, पुढची २१४७४८३६५९. म्हणजे अलीकडे १८ आणि पलीकडे १२ इतकं अंतर. जुळी जोडी होत नाही: दोननं कमी केलं की शेवटी ५ येतो, आणि दोन मिळवले की ३ × ७१५८२७८८३ होतात. यातली ७१५८२७८८३ स्वतःच मूळ आहे.

क्रमानं मोजलं तर २१४७४८३६४७ ही १०,५०,९७,५६५ वी मूळ संख्या. या टापूत सरासरी एकवीस-बावीस संख्यांत एक मूळ सापडते. पुढे पुढे त्या विरळ होत जातात, पण संपत कधीच नाहीत. हे युक्लिडनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलंय.

परिपूर्ण संख्येशी तिचा काय संबंध?

स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच भरते ती परिपूर्ण संख्या. ६ = १ + २ + ३. २८ = १ + २ + ४ + ७ + १४. प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येतून अशी एक संख्या तयार होते: २८ म्हणजे ४ × ७. आपल्या संख्येला २^३० ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ मिळते, आठवी परिपूर्ण संख्या. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं लिहिलं की याहून मोठी कधी कुणी शोधणार नाही, कारण ती शोधण्यात उपयोग काहीच नाही. शतक संपायच्या आतच त्याचं म्हणणं खोटं ठरलं.

६४ बिटांच्या मशीनवरची कमाल संख्याही मूळ असते का?

नाही. २^६३ − १ मधला घात ६३ संयुक्त आहे, त्यामुळे तिला १२७ नेही भाग जातो आणि ७३ नेही. ३२ बिटांची हद्द नेमकी मूळ संख्येवर पडली हा योगायोग आहे. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरच्या एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येनं २१४७४८३६४७ ही हद्द ओलांडली आणि यूट्यूबला मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली.

२०३८ साली कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात ते हेच का?

हेच, पण सगळे बंद पडणार नाहीत. अनेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. ३२ बिटांत ही मोजणी २१४७४८३६४७ ला संपते, म्हणजे १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्यापुढच्या सेकंदाला न सुधारलेली मशीन थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. नवे फोन आणि कॉम्प्युटर आधीच ६४ बिटांवर आहेत. काळजी घ्यायची ती वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या जुन्या नियंत्रक पेट्यांची.

३१ मूळ, २^३१ − १ मूळ. मग २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १ ही पण मूळ असेल का?

वर्गातल्या एका मुलीचा हा प्रश्न. फार चांगला प्रश्न आहे. ५ पासून ३१ मिळाले, ३१ पासून २१४७४८३६४७, मग साखळी पुढे का जाऊ नये? ती पुढची संख्या ६४,६४,५६,९९३ अंकी आहे. ती लिहून काढणंच अशक्य, मग तपासायची कशी? वरची ऑयलरची युक्ती इथेही चालते: तिचा कुठलाही विभाजक २१४७४८३६४७ च्या सम पटीपेक्षा एकनं जास्त असणार. तसे उमेदवार एकेक तपासत गेल्यावर सापडला २९५२५७५२६६२६०३१, म्हणजे १,३७,४९० पट अधिक एक. साखळी तिथे तुटली.

दुसरी साखळी २, ३, ७, १२७ अशी जाते, आणि तिची पुढची कडी २^१२७ − १ हीसुद्धा मूळ आहे. ती ३९ अंकी संख्या ल्युकानं १८७६ मध्ये हातानं आकडेमोड करून सिद्ध केली आणि ७५ वर्षं तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती. तिच्याही पुढची कडी मूळ की संयुक्त हे आज जगात कुणीच सांगू शकलेलं नाही.

आज माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या कोणती?

२^१३६२७९८४१ − १. अंक ४,१०,२४,३२०. एका पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पानं होतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँट या एनव्हिडिया कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यानं ती शोधली. १७ देशांत भाड्यानं घेतलेली ग्राफिक्स कार्डं त्यानं या कामाला जुंपली होती. हा शोध जिंप्स या प्रकल्पाखाली लागला. जॉर्ज वोल्टमननं १९९६ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात घरचा कॉम्प्युटर जोडून कुणालाही भाग घेता येतो. ही ५२ वी ज्ञात मेर्सेन मूळ संख्या. अशा संख्या अनंत आहेत का, हे अजून सिद्ध व्हायचंय.

भारताचं नाव इथे अभिमानानं घ्यायला हवं. कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं आणि वाजवी वेळात सांगणारी पहिली रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. कयाल आणि सक्सेना यांनी तेव्हा नुकतंच बी. टेक. पूर्ण केलं होतं.

पण याचा उपयोग काय?

२१४७४८३६४७ चा एक थेट उपयोग आहे. आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणून २१४७४८३६४७ ने भागायचं आणि बाकी घ्यायची. असं करत गेलं की १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येते आणि मगच चक्र पुन्हा सुरू होतं. क्रम मात्र असा विस्कटलेला की बघणाऱ्याला यादृच्छिक वाटावा. प्रोग्रॅममध्ये फासे टाकल्यासारख्या संख्या हव्या असतात तिथे ही रीत अनेक वर्षं वापरात आहे. गुपितं राखायला मात्र ती वापरू नये, पुढची संख्या सहज ओळखता येते. तिथे फार मोठ्या मूळ संख्या लागतात. त्यातली एक मेर्सेनच्याच जातीची आहे: २^५२१ − १.

उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या पालकांना आम्ही गिअरचं उदाहरण देतो. २० आणि ४० दात्यांची जोडी असेल तर एक दाता कायम त्याच दोन दात्यांवर घासतो. १९ आणि ४१ घेतले तर लहान चाकाचे ४१ फेरे झाल्याशिवाय तीच जोडी पुन्हा भेटत नाही, आणि झीज सगळ्या दात्यांवर सारखी वाटली जाते. यावर त्यांनी मान डोलावली, ते त्यांना आधीच माहीत होतं.

हे दहावीच्या परीक्षेला येतं का?

ही संख्या येत नाही. मूळ अवयव, भागाकाराची बाकी आणि घातांचे नियम येतात, आणि ते इथे पावलोपावली लागतात.

मुलीला हे घरी कागदावर करून बघायचंय. सुरुवात कुठून करावी?

२^७ − १ पासून. १२७ चे वर्गमूळ ११ च्या वर, १२ च्या आत. विभाजक १४ च्या पाढ्यातल्या संख्येपेक्षा एकनं जास्त हवा, म्हणजे निदान १५. उमेदवारच नाही, एकही भागाकार न करता १२७ मूळ ठरली! मग २^११ − १ घ्या: विभाजक २२ च्या पाढ्यातल्या संख्येपेक्षा एकनं जास्त, पहिलाच २३, आणि भाग जातो. मग २^१३ − १ = ८१९१: २६ च्या पाढ्यात एक मिळवत जा, ९० पर्यंत. उमेदवार २७, ५३ आणि ७९. २७ मूळ नाही, उरले दोन भागाकार. ५३ ने भागून २९ उरतात, ७९ ने भागून ५४. एवढं जमलं की २४८ ची यादी करायला हरकत नाही. आधी ३, ५, ७, ११, १३ ने फुटणाऱ्या संख्या यादीतून खोडाव्यात, निम्म्याहून जास्त तिथेच जातात. प्रत्येक भागाकाराची बाकी समोर लिहून ठेवावी, नुसती टिकमार्क करू नये. वही रविवारी आणली तर बाक्या आम्ही तपासून देतो.